चर्चला सीसीटीव्ही बसवला: चार कॅमेऱ्यांचा सेट, चार महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, दुकानासाठी नाहीतर पार्किंगसाठी कॅमेरा बघणाऱ्यांना हा रिव्ह्यू अर्धाच कामाचा आहे. आम्ही घेतला तो चर्चसाठी. श्रीरामपूर तालुक्यातलं गाव आहे, आणि चर्च म्हटल्यावर बांद्र्याचं माउंट मेरी डोळ्यापुढं आणू नका, पत्र्याचा एक हॉल, पुढं क्रूस, बाजूला लिंबाचं झाड, आत सतरंज्या आणि प्लास्टिकच्या चाळीस खुर्च्या ज्यातल्या सहा मोडक्या. फादर महिन्यातून दोनदा मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, करायला येतात, बाकीच्या रविवारी चर्चचे मास्तर प्रार्थना घेतात. आमची घरं ५८. मी कमिटीत हिशोब बघतो म्हणून खरेदीचं काम माझ्याच गळ्यात पडलं. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण पुढं तिच्या ॲपला शिव्या घालायच्यात.

सेट असा आहे: दोन मेगापिक्सलचे चार कॅमेरे, त्यातले तीन बुलेट बाहेरून आणि एक डोम आतमध्ये, चार चॅनलचा डीव्हीआर (रेकॉर्डिंग करणारं मशीन), एक टीबीची हार्डडिस्क, पॉवर सप्लाय आणि केबलचं एक बंडल. फिटिंग धरून १९,८०० रुपये. मेकॅनिक म्हणाला २०२५ च्या एप्रिलपासून सरकारी टेस्टिंगचं सर्टिफिकेट असलेलेच कॅमेरे विकायचे असा नियम आलाय, हलका चायना माल उठला म्हणून रेट चढलेत. म्हणजे आता कॅमेऱ्यालाही आधी सिद्ध करावं लागतं की बाबा मी हेरगिरी करत नाही. मला हसू आलं, त्याला कळलं नाही का ते.

वर्गणी काढायला फिरलो तेव्हा एका म्हातारीने पन्नास रुपये दिले आणि विचारलं, "दादा, चोर काय नेणार रे आपल्या चर्चमधून, सतरंज्या?" बरोबर होतं तिचं. चोरासाठी कुणी घेतच नव्हतं.

झालं असं की २०२५ च्या जुलैत शेजारच्या वस्तीवर एका घरी प्रार्थना होती, घरातला कर्ता माणूस किडनीने आजारी, दहा-बारा जण जमलेले, जपमाळ चाललेली. आठ-दहा पोरं मोटरसायकलवर आली, मोबाईल चालू करूनच आत घुसली, काय चाललंय, किती पैसे देता, आधार कार्ड दाखवा. पोरं गावातलीच होती असंही नाही, दोघं ओळखीची, बाकी कुठली कुणास ठाऊक. मग पोलीस आले, त्यांना त्या पोरांनीच फोन केला होता. पोलिसांनी आलेल्या पोरांची नावं लिहून घेतली नाहीत, प्रार्थनेला बसलेल्यांची घेतली, आणि दोघांना ठाण्यात नेऊन रात्री अकरापर्यंत बसवून ठेवलं. केस झाली नाही. पण संध्याकाळपर्यंत सतरा सेकंदांचा व्हिडिओ सगळीकडे फिरला, त्यात आमच्या एक मावशी त्या आजारी माणसाच्या डोक्यावर हात ठेवून डोळे मिटून बसल्यात एवढंच दिसतं, आणि वर लिहिलेलं "धर्मांतराचा अड्डा". तो माणूस जन्माचा ख्रिस्ती आहे हो, त्याच्या आजोबाचा बाप्तिस्मा झालेला, त्याचं काय धर्मांतर करणार? पण व्हिडिओ त्यांच्याकडे होता, आमच्याकडे काय होतं तर जपमाळ. त्या रात्री कमिटीत पहिल्यांदा कॅमेऱ्याचा विषय निघाला.

आता कुणी म्हणेल एवढ्याशा गोष्टीवरून वीस हजार घालवले. तो महिना आठवा जरा. त्याच्या आधी सांगलीत एका विवाहितेने आत्महत्या केली, सासरच्यांनी ख्रिस्ती रीतीसाठी छळलं असा आरोप होता, खरं असेल तर अशा माणसांना जेलमध्येच टाकलं पाहिजे, त्यात दुमत नाही. पण त्यावरून निघालेल्या मोर्चात जतचे आमदार गोपीचंद पडळकर धर्मांतर करणाऱ्या पाद्र्यांना मारणाऱ्याला लाखांची बक्षिसं जाहीर करून मोकळे झाले. ९ जुलैला महसूलमंत्री बावनकुळे विधानसभेत म्हणाले की धुळे-नंदुरबारकडची बेकायदा चर्च चौकशी करून सहा महिन्यांत पाडू आणि धर्मांतरविरोधी कडक कायदा आणू. ११ जुलैला मुंबईत आझाद मैदानावर आपले लोक जमले, आमच्याकडून दोन जीप गेल्या होत्या. आणि २५ जुलैला छत्तीसगडमध्ये दुर्ग स्टेशनवर केरळच्या दोन सिस्टरना पकडलं, बजरंग दलाच्या तक्रारीवरून, मानवी तस्करी आणि धर्मांतर अशी कलमं लावून. त्यांच्यासोबत नारायणपूरकडच्या तीन आदिवासी मुली कामासाठी आग्र्याला निघाल्या होत्या. बिलासपूरच्या एनआयए कोर्टातून २ ऑगस्टला जामीन झाला, तोवर सिस्टर आतच. गंमत बघा, केरळातल्या भाजपचे अध्यक्षच सिस्टरांच्या बाजूने बोलत होते, एकच पक्ष, दोन राज्यांत दोन तोंडं. आमच्या इकडच्या सिस्टर तेव्हापासून रेल्वेने मुलींना घेऊन जायचं म्हटलं की पालकांचं पत्र, फोटो, आधारची झेरॉक्स असं फाईलच करून नेतात, हॉस्टेलच्या सुट्टीला घरी सोडायला जातानासुद्धा.

बरं, कॅमेऱ्यानेच का काम होईल असं वाटलं, ते सांगतो, कारण इथंच या प्रॉडक्टचा खरा उपयोग आहे. फादरांनी एका वकील बाईंना बोलावलं होतं, त्यांनी दोन तास समजावलं. एरवी गुन्ह्यात पोलिसांना सिद्ध करावं लागतं की याने केलं. उत्तर प्रदेश, राजस्थान असल्या राज्यांच्या धर्मांतर कायद्यांत ते उलटं आहे, जबरदस्ती नव्हती, आमिष नव्हतं, हे आरोपीनेच सिद्ध करायचं. आता मला सांगा, मी आमिष दाखवलं नाही हे मी कसं दाखवू? न झालेल्या गोष्टीचा पुरावा कुठून आणायचा? राजस्थानचा कायदा २०२५ च्या सप्टेंबरात पास झाला, सामूहिक धर्मांतराला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे त्यात, आणि कोणी आपल्या पूर्वजांच्या धर्मात परत गेलं तर ते धर्मांतर धरायचं नाही असंही लिहिलंय. रस्ता एकाच बाजूने वनवे. २०२५ संपत आलं तेव्हा आपल्याकडे कायदा नव्हता, पण येणार येणार चाललं होतं, महाराष्ट्र असा कायदा करणारं अकरावं राज्य होणार असं मंत्रीच सांगत होते आणि नागपूरचं अधिवेशन तोंडावर आलं होतं. वकील बाई म्हणाल्या असले कायदे काही आत्ताचे नाहीत, ओडिशाचा १९६७ चा आहे, मध्य प्रदेशचा १९६८ चा, आणि १९७७ साली सुप्रीम कोर्टानेच सांगितलं की धर्माचा प्रचार करायचा हक्क आहे पण दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क त्यात येत नाही. म्हणजे भाजपच्या आधीच्या काळातलीही पापं आहेत यात, हे आमच्यातल्या काही जणांना ऐकवत नाही पण आहे ते आहे. फरक एवढाच की जुन्या कायद्यांत वर्ष-दोन वर्षांची शिक्षा असायची, आता जन्मठेपेपर्यंत गाडी आलीये, आणि उत्तर प्रदेशात २०२४ पासून तक्रार कुणीही करू शकतो, ज्याचं धर्मांतर झालं म्हणता त्याने किंवा त्याच्या घरच्यांनीच करावी असं राहिलं नाही.

वकील बाईंनी उत्तर प्रदेशातल्या फतेहपूरची केस सांगितली ती माझ्या डोक्यात बसलीये. २०२२ च्या पवित्र गुरुवारी, म्हणजे १४ एप्रिलला, तिथल्या चर्चमध्ये उपासना चालू असताना बाहेर जमाव आला आणि धर्मांतर चाललंय म्हणून तक्रार झाली. पवित्र गुरुवारी जगातल्या प्रत्येक चर्चमध्ये गर्दी असते राव, नेमकी तीच गर्दी पुरावा झाली. साडेतीन वर्षांनी, २०२५ च्या ऑक्टोबरात, सुप्रीम कोर्टाने ते एफआयआर रद्द केले, आणि साक्षीदारांचे जबाब एकमेकांची कॉपी होते, नावगाव तेवढं बदललेलं, हेही कोर्टाच्या नजरेत आलं. निकाल चांगला लागला, मान्य, पण साडेतीन वर्षं. आमच्या मास्तरांना पगार महिना सात हजार आहे, ते साडेतीन वर्षं कुठल्या कोर्टाच्या पायऱ्या चढणार? त्यापेक्षा आपलं रेकॉर्डिंग असावं, सुरुवातीपासून शेवटपर्यंतचं, सतरा सेकंदांच्या समोर दीड तासाचं.

तर आता मशीनकडे येतो. दिवसाचं चित्र एकदम स्वच्छ, गेटवरच्या कॅमेऱ्यात मोटरसायकलची नंबर प्लेट पंधरा-वीस फुटांपर्यंत वाचता येते, त्यापुढं अंदाजच. रात्रीचं ठीकठाक, काळंपांढरं दिसतं, चेहरा दहा-बारा फुटांच्या आत आला तरच ओळखू येतो. लिंबाखालच्या कॅमेऱ्यावर पहिल्याच आठवड्यात कोळ्याने जाळं केलं, त्यावर रात्री लाईट पडून सगळा स्क्रीन पांढरा, म्हणजे महिन्यातून एकदा केरसुणी फिरवायची ही खूणगाठ बांधा. मोशनवर रेकॉर्डिंग ठेवलं तर पाकोळ्या उडाल्या तरी चालू होतं, सकाळी बघावं तर रात्रभरात दोनशे क्लिपा आणि एकातही माणूस नाही. एका क्लिपमध्ये रात्री अडीचला कुणीतरी गेटपाशी येऊन उभं राहिलेलं दिसलं, आम्ही दोन दिवस घाबरून, शेवटी कळलं आमचाच एक पाहुणा दारू पिऊन रस्ता चुकला होता आणि क्रूसाला हात जोडून गेला. लोडशेडिंगचं मात्र वांधं आहे, लाईट गेली की डीव्हीआर बंद, म्हणून ३,२०० चा छोटा यूपीएस वेगळा घ्यावा लागला, तो अर्धा तास खेचतो. बाहेर कुठं प्लगपॉइंट नसेल तर आधीच वायरमन बघा, मेकॅनिक ते काम करत नाही.

आवाजाचं मुद्दाम लिहितो कारण दुकानदार हे सांगत नाहीत. सेटमधल्या चारपैकी एकाच कॅमेऱ्याला माईक होता आणि तो नेमका गेटवरचा निघाला. आम्हाला आवाजच तर पाहिजे होता. आरोप कशाचा असतो, तर बोलण्याचा, काय आमिष दाखवलं, काय धमकी दिली. मुका व्हिडिओ दाखवून काय उपयोग, त्यात मास्तर हात वर करून उभे दिसणार, ते "प्रभू तुम्हांबरोबर असो" म्हणतायत का "दहा हजार देतो" म्हणतायत हे कसं कळणार? मग आतला डोम बदलून माईकवाला घेतला, सातशे रुपये जादा गेले. आवाज ठीक येतो पण पंखा चालू असला की घरघर, आणि ढोलकी सुरू झाली की बाकी काहीच ऐकू येत नाही. ऑगस्टमध्ये पहिल्या रविवारचं ऐकत बसलो होतो, त्यात मास्तरांच्या प्रवचनात मध्येच मागच्या रांगेतल्या दोन बायका कांद्याच्या भावावर बोलताना स्पष्ट ऐकू येतात, मास्तर अस्पष्ट. म्हटलं झालं, कोर्टात हेच वाजवायचं.

आणि कोर्टाचं आणखी एक आहे, हे वकील बाईंकडूनच कळलं. नुसतं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर घालून दिलं की पुरावा होत नाही. नव्या साक्ष कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे सोबत सर्टिफिकेट द्यावं लागतं की मशीन कुठलं, कुणाच्या ताब्यात, त्यात काही फेरफार नाही, आणि एका तज्ज्ञासोबत ज्याच्या ताब्यात मशीन आहे त्याची सही. म्हणजे माझी सही. बायको म्हणाली वर्गणी काढलीस, बसवून घेतलंस, आता साक्षीदार पण तूच का? मी काही बोललो नाही.

मेकॅनिकबद्दल चांगलंच लिहीन. पलीकडच्या गावचा मराठ्याचा पोरगा, पंचवीसेक वर्षांचा, आयटीआय केलेला. आला तेव्हा पहिलं वाक्य, "चर्चला लावायचे का? रेट तोच हं, आमच्या मारुतीच्या मंदिराला पण तोच लावला." मंदिराला का लावले विचारलं तर म्हणाला दानपेटी दोनदा फोडली. तुमच्याकडे पेटी कुठंय म्हणाला, अँगल त्यावर धरतो. आमच्याकडे पेटी नाही, झोळी फिरते. मग काय धरू, म्हणाला. हा प्रश्न मला अजून आठवतो. मी म्हटलं दार धर. तो जरा थांबला, काहीतरी कळलं असणार, व्हॉट्सॲप त्याच्याकडेही आहे की. जाताना चहा घेतला आणि पाचशे रुपये कमी करून गेला, काही बोलला नाही. बिलावर मी पाचशे वर्गणी म्हणून जमा धरलेत त्याच्या नावावर.

आता खरी तक्रार, आणि ही कंपनीची चूक नाही. कॅमेरे लागले त्याच्या पुढच्याच रविवारी लोक निम्मे. दुसऱ्या रविवारी त्याहून कमी. मला वाटलं पाऊस, मग वाटलं सोयाबीनची फवारणी. तिसऱ्या आठवड्यात एकाने बाजूला घेऊन सांगितलं, भाऊ तो आतला कॅमेरा काढा, पोराचं ॲडमिशन आहे.

हे बाहेरच्यांना कळणार नाही म्हणून जरा सविस्तर. आमच्या भागातले बहुतेक ख्रिस्ती हे पूर्वाश्रमीचे महार-मांग. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा फायदा आधी फक्त हिंदूंना होता, १९५६ ला शिखांना दिला, १९९० ला बौद्धांना दिला, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच. येशूकडे गेलं की जात संपते असं सरकारचं म्हणणं. गावात संपत नाही ती, विहिरीवर, लग्नात, मसणवट्यात कुठं संपली नाही, फक्त तहसील कचेरीत संपते. आमच्या घराने कागदावर ख्रिस्ती लावलंय, आम्ही ओबीसीत येतो. पण बरीच घरं अशी की दाखल्यावर हिंदू मांग नाहीतर हिंदू महार, आणि रविवारी आमच्यासोबत सतरंजीवर. कुणी बाप्तिस्मा घेतलेला, कुणी नाही, कुणाची फक्त बायको येते, कुणी नवस फेडायला येतो. हे खोटेपणाचं आहे असं म्हणायचं असेल तर म्हणा, मीही तरुणपणी म्हणायचो. आता पोरांच्या फिया बघितल्यावर तोंड उघडत नाही. २०२५ च्या त्याच जुलैत, १७ तारखेला, मुख्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितलं की हिंदू, बौद्ध, शीख सोडून इतर धर्मातल्या कुणी एससीचा दाखला घेतला असेल तर तो रद्द करू. चर्चेत शब्द आला "क्रिप्टो ख्रिश्चन", म्हणजे लपून ख्रिस्ती असलेले. त्याआधी नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाचाही निकाल होता पुद्दुचेरीच्या एका बाईंच्या केसमध्ये, चर्चला जाता आणि नोकरीपुरतं हिंदू म्हणवता ही संविधानाची फसवणूक आहे असा.

म्हणजे बघा, मास्तरांवर केस झाली तर वाचवायला म्हणून जो कॅमेरा लावला, त्यातच दर रविवारी कोण कोण बसलंय त्याची हजेरी लागत होती. तारीख, वेळ, चेहरा. कुणी मागून नेली तर? मागायला काय, नोटीस आली की द्यावीच लागणार. मी स्वतःच्या हाताने ५८ घरांची यादी तयार करून हार्डडिस्कमध्ये ठेवत होतो आणि वर त्याचं सर्टिफिकेट माझ्याच सहीने. हे लक्षात आलं त्या रात्री झोप लागली नाही.

कमिटीची मीटिंग झाली, लई भांडणं. एक गट म्हणे आतला कॅमेरा काढा, दुसरा म्हणे मग बाहेरच्या तीन कॅमेऱ्यांत फक्त हल्ला करणारे दिसतील, आत काय चाललं होतं ते त्यांच्याच मोबाईलवर राहील, परत आपण तिथंच. एक म्हातारे बाबा उठून म्हणाले की सुरुवातीचे ख्रिस्ती लोक लपूनछपून भजन करायचे, त्यांच्याकडे कुठं कॅमेरे होते. त्यावर कुणीतरी म्हणालं बाबा त्यांना सिंहाला पण घालायचे. हसले सगळे, पण लगेच गप्प झाले. फादर म्हणाले कन्फेशनच्या कोपऱ्यात कॅमेरा कुठल्याच परिस्थितीत दिसता कामा नये, तेवढं मला लेखी द्या. शेवटी तोडगा निघाला तो असा की आतला डोम वेदीकडे फिरवायचा, आवाज चालू, चित्रात फक्त फादर किंवा मास्तर, क्रूस आणि पुढची मेणबत्ती. लोकांच्या पाठीसुद्धा नकोत. मेकॅनिक परत आला, अँगल फिरवायचे पैसे घेतले नाहीत. पुढच्या रविवारपासून माणसं हळूहळू परत यायला लागली, सगळी नाही. चार घरं अजून येत नाहीत. त्यातलं एक घर म्हणजे ज्याने पहिल्यांदा मला बाजूला घेतलं होतं तो.

आता थोडं आमच्या लोकांनाही ऐकवतो. तालुक्यात दोन-तीन जण बाहेरून येऊन चंगाई सभांचे बॅनर लावतात, कॅन्सर बरा, लकवा बरा, बांधलेलं मूल सुटलं. फादरांनी चारदा सांगून झालं. असल्या बॅनरने आमचंच नुकसान होतं आणि बिचाऱ्या आजारी माणसांचंही, औषध सोडून बसतात. पण यासाठी राज्यात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहेच की, दाभोलकरांच्या खुनानंतर आणलेला, बाबा असो, बुवा असो, पास्टर असो, सगळ्यांना सारखा. चमत्काराच्या नावाखाली कुणी पैसे उकळत असेल तर उचला त्याला, आम्ही साक्ष देऊ. त्याऐवजी सगळ्याच प्रार्थनेला संशयात धरायचं ही काय पद्धत? आणि एवढं धर्मांतर चाललंय म्हणता ते गेलं कुठं? महाराष्ट्रात २००१ च्या जनगणनेत ख्रिस्ती १.०९ टक्के होते, २०११ ला ०.९६. दहा वर्षांत टक्का घसरला. यावर पलीकडचे म्हणतात ते कागदावर लपलेत, म्हणजे कमी दिसलो तरी आम्हीच गुन्हेगार आणि जास्त दिसलो तरी आम्हीच. हरेगावच्या मतमाउलीच्या (मारिया मातेच्या) यात्रेला सप्टेंबरात या एकदा, नवस बोलणाऱ्या बायकांमध्ये कुंकू लावलेल्या किती असतात ते मोजा. त्या सगळ्यांचं धर्मांतर झालं असं धरलं तर तालुक्यात नारळ कोण फोडणार?

भीती म्हणजे सारखं कुणी मारायला येतंय अशी नाही, ते समजून घ्या. गाव चांगलं आहे. सरपंच नाताळला जेवायला असतात, बीटवरचा हवालदार केक घेऊन जातो, तोच हवालदार जुलैत नावं लिहून घेत होता आणि लिहिताना माझ्याकडे बघत नव्हता. दिल्लीत पंतप्रधान २०२३ च्या ईस्टरला कॅथेड्रलमध्ये गेले होते, २०२४ ला बिशपांच्या नाताळ कार्यक्रमालाही गेले, ते फोटो आमच्या फॅमिली ग्रुपवर आले तेव्हा माझ्या मामांनी हात जोडल्याचे इमोजी टाकले. मी टाकले नाहीत पण बरं वाटलं होतं हे खरं. आणि २०२१ च्या नेमक्या नाताळच्या दिवशी मदर तेरेसांच्या संस्थेचं परदेशी देणग्यांचं रजिस्ट्रेशन रिन्यू करायला नकार दिला होता, दोन आठवड्यांत परत दिलं, तेही आठवतं. असं ऊनपाऊस चालू असलं की माणूस छत्री घेऊन फिरतो. एल्गार परिषद केसमध्ये तळोजा जेलमध्ये ठेवलेल्या, कंपवात झालेल्या ८३ वर्षांच्या फादर स्टॅन स्वामींना पाणी प्यायला सिपर मागावा लागला होता, ते २०२१ च्या जुलैत बांद्र्याच्या हॉस्पिटलात कोठडीतच गेले, तेव्हापासून आमच्या मास्तरांच्या बायकोने त्यांची एक पिशवी भरून ठेवलीये, औषधं, चष्म्याची जादा काडी, एक स्ट्रॉचं पाकीट. मास्तर साठ वर्षांचे आहेत, त्यांना काही झालेलं नाही, चहा बशीतून पितात. पिशवी दाराच्या मागं खुंटीला आहे.

परत प्रॉडक्टकडे. ॲप भंगार आहे. गावात रेंज तशीच, त्यात दर दोन दिवसांनी लॉगआउट होतं आणि ओटीपी इंग्रजीतून, सहा जणांना बघायला दिलं तर सातव्याला "डिव्हाइस बिझी". कस्टमर केअरला फोन लावला तर हिंदीत बोलणारी मुलगी म्हणाली, सर दुकान का नाम बताइए, मी म्हटलं चर्च, ती म्हणाली चर्च गेट? मुंबईचा पत्ता टाकून ठेवलाय त्यांनी आमचा, अजून बदललेला नाही.

स्टोरेजचं नीट ऐका. एक टीबीमध्ये चार कॅमेरे चोवीस तास ठेवले तर आमचं सतरा दिवसांचं बसतं, अठराव्या दिवशी जुनं आपोआप पुसून नवं चढतं. दुकानाला सतरा दिवस पुष्कळ झाले, चोरी दुसऱ्या दिवशी कळते. आमच्या कामाला तक्रार महिन्यानेही येऊ शकते, फतेहपूरला तर पुढच्या वर्षीही नवे एफआयआर झाले. दोन टीबी घेतली असती तर बरं झालं असतं, जाहिरातीत "महिनाभर रेकॉर्डिंग" लिहिलंय ते कमी क्वालिटीवर, खरं नाही. सध्या मी दर रविवारी संध्याकाळी वेदीच्या कॅमेऱ्याचा तेवढा दीड तास पेनड्राइव्हवर काढतो आणि वहीत तारीख लिहितो. बाहेरच्या कॅमेऱ्यांचं पुसू देतो. कुणाच्या गाड्या उभ्या होत्या हे राहायला नको.

पाचपैकी साडेतीन देतो. चित्राला पूर्ण, आवाजाला अर्धा, ॲपला शून्य, मेकॅनिकला विचाराल तर सहा. चर्च, मशीद, विहार कुणालाही घ्यायचा असेल तर दोन टीबी घ्या, माईक आधी तपासा आणि आतला कॅमेरा कुणीकडे तोंड करून लावायचा हे बसवायच्या आधी सगळ्यांना एकत्र बसवून ठरवा, आमच्यासारखं नंतर नको.

आज नाताळच्या आधीच्या आगमन काळाचा पहिला रविवार होऊन गेला. कॅरोल फेरी यंदा वस्त्यांवर न्यायची का आवारातच गाऊन घ्यायची यावर अजून ठरत नाही, पोरांनी ढोलकीला नवीन पान चढवून ठेवलंय. २४ च्या रात्रीच्या मिस्सासाठी मी ६४ जीबीचा एक वेगळा पेनड्राइव्ह आणलाय, साडेचारशेला पडला, बिल कमिटीला लावलेलं नाही.